नव्या आवृत्तीची गुप्तता: कोणापासून आणि कशाची?

आपण लिहिले आहे की आपण नागपुरातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांपासून डेव्हलपर आहात, पुढच्या तिमाहीत मोठी आवृत्ती यायची आहे, आणि रिलीजच्या दिवसापर्यंत ग्राहकांना, वितरकांना, इतकेच काय पण कंपनीच्याच सपोर्ट विभागालाही त्याबद्दल अवाक्षर सांगायचे नाही अशी ताकीद संचालकांनी दिली आहे. अशा गुप्ततेने डेव्हलपरांचे आणि ग्राहकांचे भले होते की नुकसान, असा आपला प्रश्न आहे. मी याच शहरात 2008 पासून दुकानांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअरे लिहितो. पहिली नऊ वर्षे नोकरीत गेली, आणि जीएसटी आला त्या वर्षी, म्हणजे 2017 मध्ये, मी रामदासपेठेत स्वतःचे पाच माणसांचे कार्यालय थाटले. गुप्ततेने एकदा आणि बडबडीने एकदा असे दोन्हींकडून माझे हात पोळले आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नवे काय येणार आहे ते खुशाल झाकून ठेवावे. पण जुने काय जाणार आहे किंवा बदलणार आहे, आणि ते कोणत्या तारखेला, हे ज्यांचे रोजचे काम त्यावर चालते त्यांच्यापासून झाकू नये. आपल्या संचालकांनी या दोन्ही गोष्टी एकाच कपाटात कोंबून कुलूप लावलेले दिसते.

तरीही त्यांची बाजू खोटी नाही. या धंद्यात ज्याचे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते तो अ‍ॅडम ऑस्बोर्न. त्याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि 2003 मध्ये तो कोडाईकनालला वारला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. त्याच्या कंपनीने 1981 मध्ये 1,795 डॉलरला सुटकेससारखा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला आणि तो धडाक्याने खपला. पुढे 1983 मध्ये याहून सरस यंत्र येत असल्याची वार्ता तयार मालाच्या आधीच बाहेर पडली, दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ती केवळ या घोषणेमुळे बुडाली की कायप्रोसारख्या स्वस्त स्पर्धकांमुळे आणि कंपनीतल्या ढिसाळ हिशेबामुळेही, यावर पुढे मतभेद झाले. पण नव्याच्या आशेने जुने विकले जाणे थांबते, या प्रकाराला त्याचेच नाव कायमचे चिकटले.

माझी स्वतःची ऑस्बोर्नगिरी 2022 ची आहे. गुढीपाडव्याला मी उत्साहाच्या भरात ग्राहकांना कळवले की दिवाळीपर्यंत आमचे मोबाइलवर चालणारे बिलिंग येईल. वार्षिक देखभालीचे, म्हणजे ज्याला सगळे एएमसी म्हणतात त्याचे, नूतनीकरण आमच्याकडे जूनपासून सुरू होते. त्या वर्षी फोन केला की पलीकडून एकच उत्तर यायचे : "मोबाइलवालं येऊनच राह्यलं ना, मंग तेव्हाच भरू एकदम." दिवाळी आली आणि गेली, मोबाइलवाले काही आले नाही. ते पुढच्या पाडव्याला आले, आणि तोवर दोन महिन्यांचे पगार मी मुदत ठेव मोडून दिले. कोणी फसवले नव्हते, कोणी रागावलेही नव्हते. ग्राहक आपापल्या परीने शहाणपणानेच वागत होते. तेव्हापासून अजून न लिहिलेल्या सोयीची तारीख मी कोणालाही सांगत नाही, घरीसुद्धा नाही.

असे असूनही मी संपूर्ण गुप्ततेच्या बाजूने का नाही, हे गेल्या वर्षीच्या एका घडामोडीत फार स्वच्छ दिसले. 15 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितले की दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा होणार आहे. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, ते लागू झाले. एअर कंडिशनर आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. मधल्या पाच आठवड्यांत सीताबर्डीवरच्या माझ्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या ग्राहकाच्या दुकानात लोक येत, टीव्ही चालू करून बघत, भाव विचारत आणि "नवरात्रात येतो" म्हणून निघून जात. ही ऑस्बोर्नचीच कथा, फक्त अख्ख्या देशाच्या बाजारपेठेत.

पण त्याच घटनेची दुसरी बाजू आमच्या कार्यालयात होती. निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यात 19 दिवस मिळाले म्हणून आम्हांला शेकडो वस्तूंचे दर एकेका एचएसएन कोडनुसार, म्हणजे जीएसटीसाठी मालाची वर्गवारी करणाऱ्या क्रमांकानुसार, तपासता आले, जुन्या छापील किमतीच्या मालाचे काय करायचे ते दुकानदारांना समजावता आले, आणि एक बारीक गोष्ट वेळेत लक्षात आली. 20 तारखेला जुन्या दराने विकलेला माल 25 तारखेला परत आला, तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम ग्राहकाच्या नावे जमा दाखवणारा कागद, जुन्याच दराने निघायला हवी, आणि आमचे सॉफ्टवेअर मात्र त्या दिवशीचा चालू दर उचलत होते. हे दर आदल्या रात्री गुप्तपणे जाहीर झाले असते, तर टीव्हीवाल्याचे पाच आठवडे वाचले असते आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी अनेक दुकानांत चुकीची बिले निघाली असती. पूर्वसूचनेने विक्री थांबते आणि पूर्वसूचनेनेच तयारी होते. दोन्ही खरे आहे, आणि म्हणून कोणती सूचना कोणाला द्यायची हा प्रश्न उरतोच. माझ्या टीव्हीवाल्याचे नुकसान 15 ऑगस्टच्या मोघम आश्वासनाने सुरू झाले होते, ज्यात दर नव्हते आणि नेमका दिवसही नव्हता. माझा फायदा 3 सप्टेंबरच्या नेमक्या यादीने आणि तारखेने झाला. हा फरक तुमच्या संचालकांना जरूर दाखवा.

आता गुप्ततेने पोळलेला हात. मी नोकरीत असताना, 2014 च्या दिवाळीच्या आठेक दिवस आधी, आमच्या त्या वेळच्या कंपनीने बिलिंगची नवी आवृत्ती रातोरात ग्राहकांच्या संगणकांवर उतरवली. शहरातल्याच एका स्पर्धकाला सुगावा लागू नये म्हणून ती चार महिने झाकून ठेवली होती. आम्हां प्रोग्रामरांनाही एकमेकांचे भाग दाखवायची मुभा नव्हती. त्या आवृत्तीत बिल जतन करून छापायचे एफ-8 हे बटण बदलून एफ-10 केले होते, आणि एफ-8 दाबले की पडदा नव्या बिलासाठी कोरा होत असे, तोही काही न विचारता.

इतवारीतील एका घाऊक किराणा दुकानात एक मुनीमजी होते, साठीच्या घरातले, चष्मा कपाळावर सरकवून कीबोर्डकडे न पाहता अंकांचा पाऊस पाडणारे. गुळाच्या भेल्या, तुरीचे कट्टे, साखर, हमाली, बारदाना अशा अठरा ओळींचे बिल भरून त्यांनी सवयीने एफ-8 दाबले, आणि बिल गेले. त्यांना वाटले आपलेच बोट चुकले. त्यांनी पुन्हा भरले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेल्यावर त्यांनी शांतपणे कच्ची पावती-वही काढली आणि पेनाने लिहायला घेतले. तो स्क्रीन मी लिहिलेला, म्हणून कंपनीने मलाच स्कूटरवर पिटाळले. मी पोचलो तेव्हा बाहेर अर्धा भरलेला टेम्पो उभा होता, हमाल कट्ट्यांवर बसून चहा पीत होते, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये तीन प्रतींचा कागद तसाच कोरा लोंबत होता. ते रागावतील म्हणून मी मनाची तयारी करून गेलो होतो. ते एवढेच म्हणाले, "काऊन जी, हे बटन काऊन बदलवलं? बदलवा ना, पन सांगाचं तरी होतं."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नवे बटण दुसऱ्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरशी मिळतेजुळते असावे असा विचार त्यामागे होता, आणि तो वाईट नव्हता. पण एफ-8 चे एफ-10 झाले हे आमच्या स्पर्धकाला चार महिने आधी कळले असते, तरी त्याचा एका पैचाही फायदा झाला नसता. आणि मुनीमजींना चार दिवस आधी कळले असते, तर त्यांची ती सकाळ वाया गेली नसती. ज्याच्यापासून लपवायचे त्याला त्या माहितीचा उपयोग नव्हता, आणि ज्याला उपयोग होता त्याच्यापासूनच ती लपली. आपल्या कंपनीच्या यादीतील प्रत्येक बदलाला हाच प्रश्न विचारून पाहावा, म्हणजे बरेचसे बदल कुलूपबंद ठेवण्याजोगे नाहीत हे आपसूक कळेल.

सपोर्ट विभागाला अंधारात ठेवणे हा तर माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे. त्या दिवशी फोन घेणाऱ्या आमच्या दोन सहकाऱ्यांना नवी आवृत्ती आली आहे हेच ग्राहकांकडून कळले. त्यातली एक मुलगी दुपारपर्यंत लोकांना "संगणक बंद करून पुन्हा चालू करा" असे सांगत राहिली, कारण तिच्यासमोरच्या संगणकावर जुनीच आवृत्ती होती आणि तिच्याकडे एफ-8 व्यवस्थित चालत होते. तिने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. डेव्हलपरांचे नुकसान कमी दिसते पण अधिक खोल असते : आपण जे लिहितो ते महिनोन्‌महिने फक्त आपल्यासारख्याच लोकांनी पाहिलेले असते, आणि आपल्यासारखे लोक आपल्यासारख्याच चुका नजरेआड करतात.

याचे एक छोटे उदाहरण. तेच किराणा दुकान 2018 मध्ये माझ्याकडे आले, मुनीमजींसह. आता प्रत्येक मोठ्या आवृत्तीची चाचणी-प्रत मी तीन आठवडे आधी तीन दुकानांत, चालू संगणकाशेजारच्या वेगळ्या संगणकावर टाकतो. एकदा आम्ही तिघांनी महिनाभर तपासलेली आवृत्ती मुनीमजींनी अर्ध्या तासात नापास केली, कारण गहू कट्ट्याने विकला तर बारदान्याचे वजन वजा होणे बरोबर होते, पण सुटा विकला तरी ते वजा होत होते. आम्हां तिघांपैकी कोणी आयुष्यात सुटा गहू विकलेला नव्हता. या मोकळेपणाची किंमतही मोजली आहे, ती लपवत नाही : त्याच दुकानात येणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने चाचणी-प्रतीतला एक पडदा पाहिला आणि काही महिन्यांनी तसाच त्यांच्याकडे आला. मला राग आला होता. ग्राहक मात्र एकही गेला नाही.

मोठ्या कंपन्या गुप्ततेवरच मोठ्या झाल्या, असे आपले संचालक म्हणत असतील, तर ते बहुधा अ‍ॅपलबद्दल बोलत असावेत. तिथलीही गोष्ट नीट पाहिली तर वेगळी दिसते. आयफोन 9 जानेवारी 2007 रोजी दाखवला गेला आणि विक्रीला 29 जूनला आला. जवळपास सहा महिने तो उघड होता, आणि ते त्यांना परवडले, कारण त्यांच्याकडे विकायचा जुना फोनच नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी बाहेरच्या डेव्हलपरांना त्यावर अ‍ॅप लिहायची साधने दिली, पण गोपनीयतेच्या कराराखाली. जुलै 2008 मध्ये अ‍ॅपचे दुकान सर्वांसाठी उघडले तरी करार उठला नाही, त्यामुळे अडलेल्या माणसाला दुसऱ्या डेव्हलपरला उघडपणे प्रश्न विचारता येईना आणि लिहून तयार असलेली शिकवणीची पुस्तके छापता येईनात. बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरता तो करार त्यांनी ऑक्टोबरच्या आरंभी मागे घेतला. स्पर्धकाला जे दुकानात जाऊन पाहता येत होते, ते आपल्याच माणसांना बोलता येऊ नये, यात कोणाचा लाभ होता हे मला आजही कळलेले नाही.

त्याहून बोलके उदाहरण 2020 चे आहे. आयफोन ज्यावर चालतो त्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत, आयओएस 14 मध्ये, काय असणार हे जूनपासून सर्वांना ठाऊक होते, चाचणी-आवृत्त्या हातात होत्या. गुप्त होती ती फक्त तारीख. 15 सप्टेंबरच्या कार्यक्रमात सांगितले गेले की उद्या रिलीज, आणि डेव्हलपरांना अंतिम साधने त्याच दिवशी मिळाली. एरवी या दोहोंत काही दिवसांचे अंतर असे. जगभरच्या डेव्हलपरांनी ती रात्र जागून काढली, आणि अनेकांची अ‍ॅप वेळेत तयार झाली नाहीत. सोयी झाकल्या असत्या तर एवढे बिघडले नसते. तारीख झाकली म्हणून बिघडले.

गुप्तता पूर्णपणे योग्य ठरते अशी एक जागा मी मानतो, आणि ती म्हणजे सुरक्षेतील छिद्र. दुरुस्ती तयार होण्याआधी ते जगजाहीर करणे म्हणजे चोराला कडी सैल असल्याचे सांगणे. प्रोसेसरमधील मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जून 2017 पासून चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना कळवलेले होते आणि 9 जानेवारी 2018 ही प्रसिद्धीची तारीख ठरली होती. पण लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीत येणाऱ्या विचित्र, घाईच्या बदलांवरून जाणत्यांनी अंदाज बांधला आणि 3 जानेवारीलाच सर्व उघड झाले. गुप्तता तिथे हवीच होती, तरी विश्वासात घेतलेल्यांचे वर्तुळ इतके लहान होते की इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणाऱ्या अनेक छोट्या क्लाउड कंपन्यांना ही बातमी सर्वसामान्य वाचकाबरोबरच कळली. म्हणजे योग्य गुप्ततेतही आत कोणाला घ्यायचे हे ठरवावेच लागते.

उघडपणाने सगळे सुरळीत होते, असेही माझे म्हणणे नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची जुनी आवृत्ती, पायथन 2, बंद होण्याची तारीख आधी 2015 होती, ती 2014 मध्ये वाढवून 2020 केली गेली, आणि 1 जानेवारी 2020 उजाडला तेव्हाही असंख्य लोकांचे जुने प्रोग्राम तसेच होते. त्यांत माझे दोन होते. आपल्याकडील ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे व्यापाऱ्यांमधल्या बिलांची सरकारी पोर्टलवर नोंद करण्याच्या सक्तीचा, क्रम मला अधिक व्यवहार्य वाटतो : 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरुवात, मग 100, 50, 20, 10 असे उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींपर्यंत. माझे ग्राहक शेवटच्या टप्प्यातले. त्यांची पाळी येईपर्यंत मोठ्यांच्या चुका आम्ही फुकटात शिकलो होतो.

आता आपण काय करावे. आपण गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल, तर ग्राहकाने काउंटरवर कितीही आग्रहाने विचारले तरी स्वतःहून काही सांगू नका; ते आपल्या अंगाशी येईल आणि मूळ प्रश्न तिथेच राहील. त्याऐवजी आपल्या आवृत्तीतील बदलांची यादी करून प्रत्येक ओळीसमोर हे ग्राहकाच्या सवयीला, छापील कागदाला, आयात-निर्यातीच्या फाइलला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडणीला धक्का लावते का, एवढेच हो किंवा नाही असे लिहा. 'हो' असलेल्या ओळी संचालकांकडे लेखी घेऊन जा आणि तेवढ्याच ओळी तीन आठवडे आधी ग्राहकांना कळवण्याची परवानगी मागा. नव्या सोयींचा त्यात उल्लेखही नको, म्हणजे त्यांची मुख्य भीती उरणार नाही. सपोर्ट विभागाला मात्र पूर्ण आवृत्ती द्यायला हवी, करारावर त्यांच्या सह्या घेऊन, आणि निदान पंधरा दिवस आधी. वितरकांबाबत मी इतका उदार नसेन, कारण एकच वितरक दोन-तीन कंपन्यांचा माल विकत असतो. त्यांना 'हो' ची यादी पुरे.

एवढ्यावरही संचालक नाही म्हणाले, तर निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे : जुने बटण दाबले गेले की काही पुसण्याआधी पडद्यावर एक ओळ दाखवा, मराठीत, ठळक अक्षरात. आम्ही त्या दिवशी दुपारी अडीच वाजता तेच केले. "बिल जतन करण्यासाठी आता एफ-10 दाबा" ही ओळ मी इतवारीतल्या त्या दुकानात, गुळाच्या भेलीवर लॅपटॉप ठेवून लिहिली, आणि मुनीमजींनी ती वाचून 'आता' च्या जागी 'यापुढे' करायला लावले.